कुनो हिसा आणि जपानचा पियानो

कुनो हिसा हिचा जन्म १८८६ साली बिवा सरोवराच्या काठावरील ओत्सु या गावी झाला. कुनो हे आडनाव. जपानी रीतीप्रमाणे ते आधी येते. लहानपणी देवळाच्या दगडी पायऱ्यांवरून पडून तिचा पाय कायमचा अधू झाला. अशा मुलीच्या हाती काहीतरी कला असावी, या त्या काळच्या समजुतीप्रमाणे तिला पारंपरिक जपानी संगीताचे शिक्षण मिळाले. जमिनीवर आडवे ठेवून, बोटांत नख्या चढवून वाजवायचे कोतो हे तंतुवाद्य ती शिकली. पंधराव्या वर्षापर्यंत पियानोशी तिचा संबंध आला नव्हता. १९०१ साली तिने टोकियोच्या सरकारी संगीत विद्यालयात प्रवेश घेतला आणि पुढची चोवीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिचे सारे आयुष्य या एका वाद्याने व्यापले. जपानमध्ये शिकून, जपानमध्येच नावारूपाला आलेली ती पहिली मोठी पियानोवादक. तिच्या वाट्याला आलेले यश आणि तिचा शेवट, दोन्ही समजून घ्यायचे तर तो देश पियानोपर्यंत कसा पोहोचला हे आधी पाहावे लागते.

मेजी राजवटीत १८६८ नंतर जपानने रेल्वे, तारायंत्र, कायदा आणि लष्कराची रचना पश्चिमेकडून घेतली. त्याच ओघात संगीतही घेतले, आणि तेही सरकारी खात्यामार्फत. शिक्षणतज्ज्ञ इझावा शूजी यांच्या पुढाकाराने १८७९ मध्ये संगीताच्या अभ्यासासाठी एक सरकारी विभाग स्थापन झाला. पुढच्या वर्षी बॉस्टनहून ल्यूथर व्हायटिंग मेसन हे शाळांत संगीत शिकवणारे अनुभवी शिक्षक टोकियोला आले. शाळेतल्या प्रत्येक मुलाने पाश्चात्त्य स्वरसप्तकात गाणे म्हणावे, हा उद्देश होता. त्यासाठी शिक्षक हवेत, शिक्षकांसाठी विद्यालय हवे आणि विद्यालयासाठी वाद्ये हवीत, असा हिशेब मांडला गेला. १८८७ मध्ये या विभागाचे टोकियो संगीत विद्यालय झाले आणि १८९० मध्ये उएनो येथे त्याचे लाकडी सभागृह उभे राहिले. पियानो जपानमध्ये आला तो अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. ही गोष्ट पुढच्या साऱ्या इतिहासात जाणवत राहते.

वाद्यांचा प्रश्न हामामात्सु या गावातून सुटला. १८८७ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करायला वैद्यकीय उपकरणांचे कारागीर यामाहा तोराकुसु यांना बोलावण्यात आले. त्यांनी तो दुरुस्त तर केलाच, पण आतली रचना पाहून स्वतःही एक ऑर्गन तयार केला. तो बरा की वाईट हे सांगणारे जाणकार टोकियोतच होते. मग यामाहा आणि त्यांचे साथीदार कावाई किसाबुरो यांनी तो ऑर्गन बांबूला टांगला आणि खांद्यावर घेऊन हाकोनेचा घाट चढून, सुमारे २५० किलोमीटरची वाट तुडवत टोकियो गाठले. विद्यालयाने निकाल दिला: वाद्य चांगले आहे, पण सूर बरोबर लागलेले नाहीत. इझावांनी यामाहांना हाकलून दिले नाही. महिनाभर विद्यालयात बसून स्वरशास्त्र शिकण्याची मुभा दिली. दुसरा ऑर्गन पसंत पडला. १८९७ मध्ये कंपनी उभी राहिली, १९०० मध्ये तिने उभा पियानो आणि १९०२ मध्ये ग्रँड पियानो तयार केला. महाराष्ट्रात यामाहा हे नाव आधी आठवते ते मोटरसायकलवरून, पण त्या गाडीच्या टाकीवरही तीन स्वरकाट्यांचे चिन्ह आहे. आज कांजूरमार्ग-मुलुंडच्या सोसायट्यांमधली मुले ज्या कीबोर्डवर शिकवणीला बसतात, तोही बहुधा एखाद्या जपानी कंपनीचाच असतो.

हिसा टोकियोला गेली त्याच वर्षी, ५ मे १९०१ रोजी, कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत काम सुरू केले. संगीत घराण्याच्या आणि दरबाराच्या चौकटीतून बाहेर काढून वर्गात शिकवायचे, त्याला लिपी, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा द्यायच्या, हा ध्यास दोन्हीकडे सारखाच होता. फरक मोठा आहे तो असा की, पलुसकर आणि भातखंडे यांनी शिस्त नवी आणली, पण राग आपलेच ठेवले. जपानच्या सरकारी विद्यालयाने शिस्तीबरोबर संगीतही दुसऱ्याचे स्वीकारले. पायाने भाता हलवून वाजवायचा ऑर्गन मराठी संगीत नाटकातही आला, पण तो गायकाच्या मागे, साथीला. जपानी शाळेत तोच ऑर्गन शिक्षणाचा पाया झाला. परके वाद्य आपल्या संगीताच्या सेवेला लावणे आणि परक्या वाद्याबरोबर त्याची सारी परंपरा आत्मसात करू पाहणे, या दोन वेगळ्या वाटा आहेत. दुसरी वाट जास्त अवघड होती आणि तिची किंमत काही माणसांनी स्वतः मोजली.

हिसा विद्यालयात आली तेव्हा तिथे मोजकीच, पण लक्षणीय माणसे होती. कोदा नोबू या १८८९ मध्ये संगीत शिकण्यासाठी सरकारने परदेशी पाठवलेल्या पहिल्या जपानी विद्यार्थिनी. बॉस्टनमध्ये एक वर्ष आणि मग व्हिएन्नात शिकून त्या १८९५ मध्ये परतल्या. त्याच सुमारास त्यांनी लिहिलेला व्हायोलिनचा सोनाटा ही पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यसंगीतातली जपानी माणसाची अगदी सुरुवातीची रचना. कादंबरीकार कोदा रोहान हे त्यांचे भाऊ. हिसा नोबूंच्या हाताखाली पियानो शिकली. राफाएल फॉन केबर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मॉस्कोच्या संगीतशाळेत घडलेले पियानोवादकही होते आणि १८९८ पासून विद्यालयात पियानो शिकवत होते. त्यांचा आवडता विद्यार्थी ताकी रेंतारो १९०१ मध्येच लाइपझिगला रवाना झाला. त्याला तिथे क्षयाने गाठले. १९०२ मध्ये तो परतला आणि १९०३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गेला. त्याची गाणी आजही जपानी मुले शाळेत शिकतात. त्याच १९०३ साली विद्यार्थ्यांनी ग्लूकचा ऑर्फियस हा ऑपेरा सादर केला. जपानी कलावंतांनी उभा केलेला तो पहिला ऑपेरा. वाद्यवृंद नव्हता, म्हणून केबर यांनी सगळी साथ एकट्या पियानोवर केली.

अशा वातावरणात पंधरा वर्षांची, ओत्सुची मुलगी पहिला धडा गिरवू लागली. युरोपात ज्या वयात पियानोवादक मैफली करू लागतात, त्या वयात हिला पट्ट्यांची ओळख होत होती. ही दहा वर्षांची तूट तिने कष्टाने भरून काढायचे ठरवले. तिच्या रियाजाच्या कथा जपानमध्ये पुढे दंतकथाच झाल्या. बोटे फुटून पट्ट्यांवर रक्त सांडायचे आणि ते पुसून ती पुन्हा बसायची, असे तिच्याबद्दल सांगितले जाई. १९०६ मध्ये ती पदवीधर झाली आणि विद्यालयातच शिकवू लागली.

इथे तिच्या हाताकडे जवळून पाहायला हवे, कारण सगळी गोष्ट त्या हाताशी येऊन थांबते. त्या काळी जपानमध्ये पियानो शिकवण्याची जी रीत रुजली, तिच्यात मनगट आणि हात स्थिर ठेवून प्रत्येक बोट उंच उचलायचे आणि पट्टीवर खाली आपटायचे असे. बोटांची ताकद सारखी व्हावी म्हणून जर्मन सरावपुस्तकांत अशा कसरती होत्याच. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती रीत मागे पडत चालली होती. तिथले वादक खांद्यापासून हात सैल सोडून, त्याचे वजन बोटाच्या टोकातून पट्टीत उतरवू लागले होते. जपानला पोहोचली ती पुस्तके, आणि पुस्तकात हाताचे वजन दिसत नाही. शिवाय जपानी विद्यार्थी बहुतेक ऑर्गनवर सुरुवात करत. ऑर्गनमध्ये, आपल्या पेटीप्रमाणेच, आवाज लहान-मोठा होतो तो भात्याच्या हवेने; बोट पट्टीवर कसे पडले याने स्वराच्या जोरात फरक पडत नाही. पियानोत नेमके उलटे असते. पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आतली हातोडी तारेवर किती जोराने आदळणार हे ठरते आणि एकदा हातोडी तारेला लागून परतली की त्या स्वराचा जोर पुढे वाढवता येत नाही. ताठ हाताने बोट आपटले की स्वर मोठा येतो, पण कोरडा, आणि लांबलचक रचनेत हात लवकर शिणतो. हिसाला हे शिकवणारे कोणी भेटले नाही. तिला जे शिकवले गेले, ते मात्र तिने कुणाहीपेक्षा जास्त निष्ठेने केले.

श्रोत्यांना तिच्या वादनात दिसली ती तीव्रता. वाजवताना अंबाड्यातले काटे उडून पडत, केस सुटत, किमोनोचा पट्टा सैल होई आणि तिला त्याचे भान नसे. तैशो काळातल्या, म्हणजे मेजीनंतरच्या राजवटीतल्या, तरुण वाचकांना अशा कलावंताची ओढ होती. कला म्हणजे आत्मा ओतणे, अशी त्यांची समजूत होती आणि बीथोवन हे त्यांचे दैवत होते. ऐकू येत नसताना नियतीशी झगडणारा बीथोवन आणि अधू पायाने पियानोकडे चालत जाणारी हिसा यांची सांगड लोकांनी सहज घातली. बीथोवनच्या सोनाटांवर तिचा भर होता. मध्यंतरी मोटारीच्या अपघातात ती गंभीर जखमी झाली, तरी पुन्हा रंगमंचावर आली. त्यामुळे तिच्याभोवतीचे वलय वाढले. १९१७ मध्ये ती प्राध्यापक झाली आणि १९१८ मध्ये तिने केवळ बीथोवनच्या सोनाटांची मैफल केली.

१९१८ हे वर्ष जपानी संगीताच्या इतिहासात योगायोगांनी भरलेले आहे. त्या वर्षी १ जूनला तोकुशिमाजवळच्या बांदो छावणीत जर्मन युद्धकैद्यांनी बीथोवनची नववी सिम्फनी सादर केली. आशियातला तो पहिलाच प्रयोग; स्त्रियांचे आवाज नव्हते म्हणून वृंदगानाचा भाग पुरुषांनीच गायला. जुलैमध्ये क्रांतीनंतरच्या रशियातून अमेरिकेकडे निघालेला सर्गेई प्रोकोफिएव टोकियोत थांबला आणि त्याने तिथे पियानोवादन केले. म्हणजे हिसा कीर्तीच्या शिखरावर असताना युरोपचे खरे वादन जपानच्या दाराशी येऊन ठेपले होते. १९२२ मध्ये लिओपोल्ड गोडोव्स्की हा हाताच्या सैलपणाबद्दल जगभर नावाजलेला पियानोवादक जपानमध्ये वाजवून गेला. टोकियोच्या रसिकांपुढे आता तुलनेला जागा होती.

तिच्या शिष्यांत पुढे लेखिका म्हणून गाजलेल्या मियामोतो युरिको होत्या. त्यांनी शाळकरी वयात हिसाकडे पियानोचे धडे घेतले होते. शिक्षिका म्हणून हिसा कठोर होती आणि स्वतःवर तर त्याहून कठोर होती. संसार, विश्रांती, करमणूक यांना तिच्या आयुष्यात जागा नव्हती.

१९२३ च्या वसंतात शिक्षण खात्याने तिला युरोपला पाठवले. वर्तमानपत्रांनी निरोप दिला तो एखाद्या विद्यार्थिनीला द्यावा तसा नव्हता. जपानने काय कमावले हे युरोपला दाखवायला निघालेल्या प्रतिनिधीला द्यावा तसा होता. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. बर्लिनमध्ये त्या वर्षी महागाईने कहर केला होता. सकाळी मिळालेल्या नोटांना संध्याकाळी किंमत उरत नव्हती. पण संगीताच्या मैफली चालू होत्या. तिथे तिने पहिल्यांदा एकामागून एक मोठे वादक प्रत्यक्ष ऐकले. आपण जे वाजवतो आणि हे जे वाजवतात, ते एकाच वाद्यावरचे वादन आहे असे म्हणायला तिचे कान तयार होईनात. पुढे ती व्हिएन्नाला गेली आणि एमिल फॉन झाउअर यांच्यापुढे बसली. झाउअर हे लिस्टचे शिष्य, साठी ओलांडलेले आणि युरोपातल्या मान्यवर पियानोगुरूंपैकी एक. तिचे वादन ऐकून त्यांनी सांगितले की, अगदी मूळ पायापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.

झाउअर यांच्या म्हणण्यात दुष्टपणा नव्हता. कोणताही जाणता गुरू हेच म्हणाला असता. पण ऐकणारी व्यक्ती कोण होती हे पाहावे लागते. ती सरकारी विद्यालयाची प्राध्यापक होती, तिचे शेकडो विद्यार्थी तीच पद्धत घेऊन देशभर शिकवत होते आणि मायदेशी लोक तिच्या विजयाच्या बातमीची वाट पाहत होते. पायापासून सुरुवात करायची म्हणजे वीस वर्षांचे कष्ट चुकीच्या दिशेने झाले हे मान्य करायचे, आणि मग परत जाऊन ते सांगायचे. तिच्याजवळ तो भार वाटून घेणारे कोणी नव्हते. २० एप्रिल १९२५ रोजी व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गावी तिने आपले जीवन संपवले. ती अडतीस वर्षांची होती.

जपानमध्ये बातमी पोहोचली तेव्हा हळहळ झाली आणि टीकाही झाली. तिला अकारण डोक्यावर घेतले, असे काहींचे मत पडले; परदेशी शिक्षकांनी तिचा अपमान केला, असे काहींनी मानले. दोन्ही मते अपुरी आहेत. तिच्यात प्रतिभा नव्हती असे म्हणायला आधार नाही. उणीव होती ती तिच्या देशाच्या संगीतशिक्षणात, आणि ती भरून निघायला आणखी एक पिढी जायची होती. मियामोतो युरिको यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लिहिलेल्या ‘दोह्यो’ या कादंबरीत कावाबे मिसाको या पियानोवादिकेच्या रूपाने आपल्या जुन्या शिक्षिकेला आणले. तिच्याविषयीच्या लिखाणात ही नजर सर्वांत समजूतदार आहे, कारण तिथे हिसा हुतात्माही नाही आणि हास्यास्पदही नाही.

तिच्यानंतर चार वर्षांनी, १९२९ मध्ये, लिओ सिरोता हा युक्रेनमधला, बुसोनी या नामवंत वादकाच्या तालमीत तयार झालेला पियानोवादक टोकियोत स्थायिक झाला. १९३०च्या दशकात लिओनिद क्रॉइत्झर हा पियानोवादकही आला. दोघेही ज्यू होते आणि युरोपात पसरत चाललेल्या ज्यूद्वेषामुळे त्यांचा जपानमधला मुक्काम लांबला. व्हिएन्नाला जाऊन जे शिकावे लागत होते, ते आता उएनोमध्ये शिकता येऊ लागले. युद्धाच्या शेवटच्या काळात सिरोतांना कारुइझावाच्या थंडीत नजरकैदेत दिवस काढावे लागले. त्यांची मुलगी बेआते हिने १९४६ मध्ये जपानच्या नव्या राज्यघटनेतले स्त्रियांच्या समान हक्कांचे कलम लिहिले. संगीत शिकवायला आलेल्या एका कुटुंबाचे जपानवर असलेले हे ऋण वाद्यापलीकडचे आहे. दरम्यान पॅरिसमध्ये शिकलेल्या हारा चिएको यांनी १९३७ मध्ये वॉर्सातल्या शोपाँ स्पर्धेत भाग घेतला. पारितोषिकांच्या यादीत नाव नाही म्हटल्यावर श्रोत्यांनीच आवाज उठवला आणि त्यांना खास पारितोषिक देण्यात आले.

युद्धात बेचिराख झालेल्या टोकियोत १९४८ साली साइतो हिदेओ, इगुची मोतोनारी, योशिदा हिदेकाझु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी संगीतवर्ग काढला. हिसाच्या उदाहरणातला सर्वांत मोठा धडा, म्हणजे वय, इथे उमगलेला दिसतो. मुले चार-पाच वर्षांची असल्यापासून कान तयार केला जाऊ लागला. याच वर्गातून वाद्यवृंदाचे संचालक ओझावा सेजी घडले आणि याच वर्गातून नाकामुरा हिरोको आल्या. १९४४ मध्ये जन्मलेल्या नाकामुरांनी पंधराव्या वर्षी जपानची राष्ट्रीय संगीतस्पर्धा जिंकली आणि १९६० मध्ये एनएचके सिम्फनी वाद्यवृंदाच्या जगदौऱ्यात लांब बाह्यांचा फुरिसोदे किमोनो घालून पियानो वाजवला. मग त्या न्यूयॉर्कला जुलियार्ड संगीतशाळेत रोझिना लेव्हिन यांच्याकडे गेल्या. लेव्हिन यांनीही सांगितले, पायापासून सुरुवात कर. हाताची सवय तीच होती, उंच उचललेल्या बोटांची. पण नाकामुरा तेव्हा विशीच्या आत होत्या, पाठीशी घर आणि शिक्षक होते आणि बदलायला वेळ होता. त्यांनी हात बदलला आणि १९६५ च्या शोपाँ स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. त्या वर्षी पहिली आली ती मार्था आर्गेरिच.

नाकामुरा उत्तम लेखिकाही होत्या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पियानोवादकांवरील पुस्तकात त्यांनी कोदा नोबू आणि कुनो हिसा यांची प्रकरणे पुन्हा उघडली आणि जपानी वाचकांना या विस्मृत स्त्रियांची ओळख करून दिली. हिसाला ज्या वाक्याने मोडले, तेच वाक्य स्वतः ऐकलेल्या वादिकेने ते लिहिले, म्हणून त्याला वजन आहे. त्या २०१६ साली गेल्या.

व्हिएन्नाची वाट मात्र बंद झाली नव्हती. १९५४ मध्ये मुंबईचा अठरा वर्षांचा झुबिन मेहता तिथल्या संगीत अकादमीत दाखल झाला. त्याचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुंबईत पाश्चात्त्य संगीत सरकारने नव्हे, तर पारशी आणि गोवेकर ख्रिस्ती घरांनी जपले. १९६१ मध्ये त्याच अकादमीत बारा वर्षांची उचिदा मित्सुको आली. वडील ऑस्ट्रियात जपानचे राजदूत होते. त्यांची बदली झाल्यावरही ती शिक्षणासाठी तिथेच राहिली. तिच्या कानावर पहिल्यापासून तेच संगीत होते, ज्याच्या शोधात हिसा छत्तिसाव्या वर्षी निघाली होती. १९६९ मध्ये व्हिएन्नाच्या बीथोवन स्पर्धेत उचिदा पहिल्या आल्या, १९७० मध्ये शोपाँ स्पर्धेत दुसऱ्या. १९८२ मध्ये त्यांनी लंडन आणि टोकियोत मोत्झार्टचे सर्व सोनाटा वाजवले आणि मोत्झार्टच्या आजच्या श्रेष्ठ वादकांत त्यांचे नाव पक्के झाले. २००९ मध्ये ब्रिटनने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला.

२००२ मध्ये उएहारा आयाको मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत पियानोत पहिल्या आल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या जपानी. २००९ मध्ये जन्मांध त्सुजीइ नोबुयुकी यांनी अमेरिकेतल्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेचे सुवर्णपदक विभागून जिंकले. २०२१ च्या शोपाँ स्पर्धेत सोरिता क्योहेई यांना दुसरे पारितोषिक मिळाले आणि एकावन्न वर्षांपूर्वीच्या उचिदांच्या क्रमांकाशी बरोबरी झाली.